‘नस’ गेली म्हणजे गाय गेली का?

पत्राचा सारांश:

शिरूर तालुक्यातल्या एका ताईंनी लिहिलं आहे. घरी सहा संकरित एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) गाई. नवरा रांजणगावच्या एमआयडीसीत पाळीवर जातो, गोठा ताई आणि सासूबाई सांभाळतात. तिसऱ्या वेताची त्यांची सगळ्यात चांगली गाय वीस दिवसांपूर्वी व्याली. वार वेळेत पडली, पहिला आठवडा वेळेला दहा लिटर दूध निघालं. मग तिने खुराक सोडला. कडबा तेवढा चघळायची, पेंडेला तोंड लावेना. दूध वेळेला चार लिटरवर आलं, शेण थोडं आणि चिकट पडू लागलं. नऊ दिवस पाचक पावडर, खाण्याचा सोडा, गूळ-ओवा, दोन सलाईन असं चाललं. शेवटी तालुक्याहून आलेल्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, “पोटाच्या भिंतीतल्या नसा काम करत नाहीयेत, चौथं पोट हवेने फुगून डावीकडे सरकलंय, ऑपरेशन करावं लागेल.” खर्च बारा हजार. सासूबाई म्हणतात नस आखडली आहे, डाग द्या. नवरा म्हणतो गेलेली नस परत येत नसते, व्यापारी अठ्ठावीस हजार देतोय तोवर गाय काढून टाकू. गाय पंच्याऐंशी हजारांना घेतलेली. ताई विचारतात: पोटाच्या नसा पुन्हा बऱ्या होतात का? ऑपरेशन करावं की गाय विकावी? आणि शेवटची ओळ अशी: “गाभणपणात मी तिला काही कमी पडू दिलं नाही, रोज कॅल्शियम पाजलं, मग माझं काय चुकलं?”

उत्तर:

ताई,

तुमचं पत्र सकाळी मेलवर वाचलं. या आजारात एकेक दिवस मोलाचा असतो, म्हणून हे उत्तर आधी तुम्हाला पाठवते आहे. सदरात ते सावकाश येईल.

आधी दोन गोष्टी आजच्या आज. सासूबाईंना हात जोडून सांगा, डाग द्यायचा नाही. तापल्या सळईने कातडी जळते. पोटाच्या भिंतीपर्यंत त्यातलं काही पोचत नाही. उद्या जिथे छेद घ्यावा लागेल तिथल्याच कातडीला मात्र जखम होऊन बसते. त्यांच्या मनात गाईबद्दल मायाच आहे, हे मला कळतं. पण ती माया दुसऱ्या कामाला लावू, ते पुढे सांगते.

दुसरी गोष्ट, सोडा बंद करा. “पोट बंद पडलं की सोडा” हे आपल्याकडे इतकं अंगवळणी पडलंय की कुणी विचारही करत नाही. धान्य किंवा पेंड जास्त खाऊन कोठीपोट, म्हणजे गाईच्या चार पोटांतलं पहिलं आणि सगळ्यात मोठं, आंबलं असेल तर सोड्याचा उपयोग होतो, हे खरं. तुमच्या गाईचं नेमकं उलट आहे. चौथं पोट, म्हणजे खरं पोट, आपल्या जठरासारखा आंबट रस तयार करतं. ते सरकून अडकलं की तो रस पुढे आतड्यात जात नाही, पोटातच साचतो. अंगातलं आम्ल असं एका जागी कोंडलं की रक्त अल्कधर्मी व्हायला लागतं, रक्तातलं क्लोराइड आणि पोटॅशियम उतरतं. त्यावर आपण सोडा पाजला तर त्या बिघाडात भरच घालतो. अशा वेळी साधं मिठाचं सलाईन बरं. ते किती आणि कसं, हे डॉक्टर ठरवतील. नऊ दिवस सोडा दिल्याचं त्यांना आवर्जून सांगा. रागावतील म्हणून लपवू नका.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येते.

मला वाटतं, घरातला अर्धा गोंधळ ‘नस’ या शब्दानेच झालाय. आपल्या बोलण्यात सुई टोचतात ती नस, मान अवघडते तेव्हा आखडते ती नस आणि मेंदूकडून निरोप नेते तीही नस. डॉक्टर बोलले तिसरीबद्दल. सासूबाईंनी ऐकली दुसरी, म्हणून त्यांना डाग आठवला. तुमच्या यजमानांनी तिसरीच ऐकली, पण त्यांच्या डोळ्यांपुढे लकवा भरलेला माणूस आला असणार. म्हणून ते म्हणाले, गेलेली नस परत येत नाही. डॉक्टरांचं वाक्य चूक नव्हतं. पण “काम करत नाहीयेत” आणि “मेल्या आहेत” यात फार अंतर आहे, आणि तुमच्या गाईचं भवितव्य त्या अंतरात आहे.

गाईच्या पोटाला निरोप दोन ठिकाणांहून मिळतात. एक वरून. मेंदूच्या तळातून निघणारी व्हेगस नावाची नस छातीतून अन्ननलिकेच्या कडेने खाली येते आणि चारही पोटांना फांद्या देते. कोठीपोट आणि त्याच्या पुढचं दुसरं पोट, जाळीपोट, तर तिच्या हुकुमाशिवाय हलतच नाहीत म्हटलं तरी चालेल. जाळीपोट आकसणं, मग कोठीपोटात लाट फिरणं, रवंथीचा घास वर येणं, ढेकर सुटणं, हा सगळा ताल वरून येतो. दुसरा निरोप भिंतीतूनच येतो. पोटाच्या भिंतीत स्नायूंचे थर असतात आणि त्या थरांच्या मधोमध बारीक नसांचं जाळं पसरलेलं असतं. चौथ्या पोटाचं आणि आतड्याचं रोजचं काम बरंचसं हे जाळंच चालवतं.

तुमच्या भागात कालव्याचं पाणी आहे म्हणून तिथलंच उदाहरण देते. व्हेगस म्हणजे पाटबंधारे खात्याचं आवर्तन. ते सुटलंच नाही तर कुणालाच पाणी नाही. भिंतीतलं जाळं म्हणजे चारीवर फिरणारा पाटकरी. आवर्तन सुटलं असलं तरी पाटकरी आजारी पडला तर तुमच्या शेताचं दार उघडत नाही. डावीकडे पोट सरकलेल्या बहुतेक गाईंमध्ये दुखणं पाटकऱ्याचं असतं. तो मेलेला नसतो, अशक्त झालेला असतो.

या जाळ्यातल्या काही पेशी स्नायूला “आवळ” म्हणतात, काही “सैल सोड” म्हणतात. आवळायला सांगणारं रसायन अॅसिटिलकोलीन, सैल करणाऱ्यांतलं एक नायट्रिक ऑक्साइड. पोट सरकलेल्या एचएफ गाईंच्या चौथ्या पोटाच्या भिंतीचे तुकडे घेऊन जर्मनीत प्रयोगशाळेत तपासले गेले. तेव्हा या भिंतीत सैल सोडण्याचा जोर वाढलेला आणि आवळण्याच्या निरोपाला मिळणारा प्रतिसाद कमी झालेला आढळला. सैल पडलेल्या पोटात हवा साचते. गाय नुकतीच व्यालेली असते, गर्भाशय रिकामं होऊन पोटाच्या तळाशी जागा झालेली असते. तिचं खाणं कमी म्हणून कोठीपोटही पुरतं भरलेलं नसतं. मग हवेने हलकं झालेलं चौथं पोट कोठीपोटाच्या खालून सरकत डावीकडे जातं आणि बरगड्यांच्या आत फुग्यासारखं वर चढतं. पोट सरकण्याच्या बहुतेक घटना व्यायल्यापासून महिन्याभरात होतात त्या यामुळेच, आणि त्यातही डावीकडे सरकण्याचं प्रमाण बरंच जास्त.

डॉक्टर पुन्हा आले की त्यांना म्हणा, मलाही ऐकवा. डाव्या बाजूला मागच्या चार-पाच बरगड्यांवर स्टेथोस्कोप ठेवायचा आणि शेजारीच बोटाने टिचकी मारायची. अर्धवट भरलेल्या पितळी हंड्यावर टिचकी मारल्यासारखा स्वच्छ, घुमणारा ‘टण्ण’ आवाज येतो. एकदा ऐकला की माणूस विसरत नाही. तुमच्या यजमानांनाही ऐकवा. कानाने ऐकलेलं त्यांना माझ्या चार पानांपेक्षा जास्त पटेल.

मग पाटकरी अशक्त का झाला? इथे तुमच्या शेवटच्या ओळीला हात घालावा लागतोय. ती ओळ मी तीनदा वाचली.

तुम्ही गाभणपणात रोज कॅल्शियम पाजलंत. पुणे जिल्ह्यात मी इतकी वर्षं फिरले, दहातल्या सात-आठ गोठ्यांत ती बाटली कोनाड्यात दिसते. दुकानदार देतो, शेजारी देतात, आपण देतो. त्यात तुमचा एकटीचा दोष नाही. पण हिशेब बघा. पाचशे किलोच्या गाईच्या रक्तात फिरतं कॅल्शियम सगळं मिळून जेमतेम तीन ग्रॅम. व्यायल्यावर पहिल्या दिवशी दहा लिटर चीक निघाला तर त्यातून वीस ग्रॅमहून जास्त कॅल्शियम जातं. ही तूट ती रोजच्या खाण्यातून भरू शकत नाही. ती हाडांतून काढावी लागते, आतड्यातून जास्त ओढून घ्यावी लागते. हे काम करणारी यंत्रणा, मानेतल्या लहान ग्रंथींचं संप्रेरक, गरज पडल्याशिवाय जागी होत नाही. शेवटचे तीन आठवडे आपण वरून भरपूर कॅल्शियम ओतत राहिलो तर ती झोपून राहते. व्यायल्या दिवशी एकदम मागणी आली की तिला उठायलाच दोन-तीन दिवस लागतात. तेवढ्या वेळात रक्तातलं कॅल्शियम खाली जातं. लसूणघासाचंही असंच. दुधाच्या गाईला तो सोन्यासारखा, पण शेवटच्या तीन आठवड्यांत नको. त्यात कॅल्शियम भरपूर आणि पोटॅशियमही भरपूर, आणि पोटॅशियमने त्या संप्रेरकाचं काम बोथट होतं.

कॅल्शियम फार उतरलं तर गाय बसते, मान पोटाकडे वळवते, कान गार पडतात. तो दुग्धज्वर आपल्या सगळ्यांना माहीत आहे. पण त्याहून कितीतरी जास्त गाईंचं कॅल्शियम थोडंसंच उतरतं. गाय उभी असते, दूध देत असते, कुणाला काही कळत नाही. नसेने निरोप सोडायला कॅल्शियम लागतं आणि स्नायूने आवळायलाही कॅल्शियम लागतं. म्हणजे दोन्ही टोकांना तुटवडा. पाय अजून चालत असतात, पण पोटाच्या भिंतीचा जोर तेव्हाच ओसरायला लागलेला असतो.

दुसरं, खुराक. “दोन जिवांची आहे” म्हणून आटवलेल्या गाईला पेंड, भरडा वाढवत नेला की ती माजते, पाठीवर चरबी चढते. अशी गाय व्याली की नेमकी तेव्हाच तिची भूक मंदावते. दुधासाठी ऊर्जा हवी, पोटात जात नाही, म्हणून ती अंगची चरबी जाळते. त्या जळणातून किटोन तयार होतात, यकृतात चरबी साचते, भूक आणखी मरते. आधी खुराक सोडणं आणि कडबा चघळत राहणं ही किटोसिसची, म्हणजे किटोन वाढण्याच्या आजाराची, चाल आहे आणि सरकलेल्या पोटाचीही. दोन्ही बहुधा हातात हात घालूनच येतात. व्यायल्यावर “आता दूध वाढवायचंय” म्हणून एकदम खुराक चढवला तर त्याचं आंबट पाणी चौथ्या पोटापर्यंत उतरतं आणि तिथली हालचाल आणखी मंदावते. गर्भाशयात पू किंवा कासदाह असेल तर त्याचं विषही हेच करतं.

तेव्हा ताई, तुम्ही काही कमी पडू दिलं नाही हे अगदी खरं आहे. काही गोष्टी जास्त झाल्या, आणि त्या जास्त देण्याचा सल्ला तुम्हाला सगळीकडून मिळत होता. सासूबाई “हिच्या हातून बिघडलं” असं काही म्हणत असतील, तसं पत्रात कुठेकुठे जाणवतं, तर हा परिच्छेद त्यांना वाचून दाखवा.

आता खरोखर ‘नस गेल्याचं’ दुखणं काय असतं, तेही सांगते. तुमची गाय त्यातली नाही याची खात्री ऑपरेशनआधी करून घ्यायची आहे. १९४० मध्ये स्वेन होफ्लुंड या स्वीडिश पशुवैद्यकाने गाईंमध्ये व्हेगसच्या वेगवेगळ्या फांद्या तोडून पाहिलं की कुठली फांदी गेली तर कुठे अडतं. त्यावरून त्याने या आजाराचे चार प्रकार मांडले. आजही पुस्तकात तो आजार त्याच्या नावाने ओळखला जातो. गोठ्यात ती फांदी कुणी तोडत नाही, ती बहुतेक वेळा तारेने जाते. गाय घास चावून-निवडून खात नाही, वैरणीबरोबर तार-खिळा गिळते. तो जाळीपोटात पडतो आणि भिंतीत घुसतो. आजूबाजूला सूज, पू, चिकटण तयार होतं आणि त्या चिकटणात नसेच्या फांद्या सापडतात.

माझ्या नोकरीच्या तिसऱ्या वर्षी दौंडकडच्या एका वस्तीवर अशी गाय होती. सहा महिन्यांची गाभण, खाणं कमी, पोट फुगलेलं. मी दहा दिवस तिला पोट हलवायची औषधं देत राहिले. मागून पाहिलं की डावी बाजू वरपासून फुगलेली आणि उजवी फक्त खाली लोंबलेली दिसायची. ते चित्र मी पुस्तकात पाहिलेलं होतं, गोठ्यात ओळखलं नाही. नाडी मिनिटाला पन्नासच्या आत होती, त्याचाही अर्थ लावला नाही. अकराव्या दिवशी गाय गेली. पोट उघडलं तेव्हा जाळीपोटाच्या भिंतीत बोटभर लांबीची तार निघाली, एका टोकाला वाकलेली. मालकाने ती हातात घेऊन पाहिली आणि लगेच ओळखली. सळया बांधायची तार होती ती. त्याच उन्हाळ्यात त्यांनी गोठ्याचं बांधकाम केलं होतं. ज्या पोटाला हलायचा निरोपच पोचत नव्हता त्याला मी हलायची औषधं पाजत होते. तेव्हापासून पोट बंद पडलेल्या प्रत्येक गाईजवळ मी आधी एकच गोष्ट शोधते: का बंद पडलं?

तुमच्या डॉक्टरांना म्हणून हे विचारा. तार लागल्याची लक्षणं आहेत का? खांद्यामागे पाठीची कातडी जोरात चिमटली की निरोगी गाय पाठ खाली दबवते. तार लागलेली गाय दबवत नाही, कण्हते. पाठ कमानीसारखी ठेवणं, कोपरं बाहेर काढून उभं राहणं, उतारावरून जायला कचरणं याही खुणा. ताप आहे का? किटोन किती आहेत? ती लघवीत पट्टी बुडवून दोन मिनिटांत कळतात. गर्भाशय साफ आहे का? कासेत काही आहे का? कॅल्शियम किती? रक्त तपासायचं तर औंधच्या रोग अन्वेषण विभागाची प्रयोगशाळा आपल्या जिल्ह्यातच आहे, नमुना कसा पाठवायचा ते सरकारी दवाखान्यात सांगतील.

याची उत्तरं मनासारखी आली, म्हणजे तार नाही, ताप नाही, गाय स्वतः उठते-बसते, कडबा खाते, तर माझा सल्ला स्पष्ट आहे: ऑपरेशन करा, आणि या दोन-तीन दिवसांत करा. थांबलं की गाय खंगते, यकृत बिघडतं, पोटाची भिंत ताणून-ताणून आणखी सैल पडते, क्वचित चौथ्या पोटात व्रण पडून फुटतो. आणि पोट उजवीकडे सरकून पिळ पडला तर मग हातात काही तासच उरतात.

काही जण गाय पाडून, उताणी करून, लोळवून पोट जागेवर आणतात. ते जमतंही. हवा वरच्या बाजूला धावते, पोट मधोमध येतं. पण आत काही बांधलेलं नसल्याने निम्म्याहून जास्त गाईंत ते पुन्हा सरकतं. पैसे वाचवायचा हा मार्ग मला तुमच्या गाईसाठी योग्य वाटत नाही. ऑपरेशन हा शब्द ऐकून घरात जी भीती बसते ती थोडी कमी करते. ऑपरेशन गोठ्यातच, गाय उभी असताना होतं. उजव्या भकाळीत, म्हणजे शेवटची बरगडी आणि मांडी यांच्यामधल्या खोलगट जागेत, भूल देऊन वीतभर छेद घेतात. आत हात घालून कोठीपोटाच्या मागून, वरून पलीकडे डावीकडे पोचायचं. तिथे हाताला तो फुगा लागतो, ताणलेला, गुळगुळीत. नळी लावलेली सुई त्यात टोचली की हवा सुस्कारत बाहेर येते आणि आंबटसर वास सुटतो. फुगा बसला की तो अलगद ओढून उजवीकडे आणायचा आणि पोटाला लागून असलेला चरबीचा पडदा भकाळीच्या आतल्या भिंतीला शिवून टाकायचा, म्हणजे पुन्हा सरकणार नाही. काही डॉक्टर वेगळ्या बाजूनेही करतात. पद्धतीपेक्षा त्यांनी हे आधी किती वेळा केलंय ते विचारा, त्यात संकोच नको. जवळ कुणी करणारं नसेल तर १९६२ या टोल फ्री क्रमांकावर सरकारच्या फिरत्या पशुवैद्यकीय पथकाला विचारा, किंवा साताऱ्याच्या रस्त्यावर शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे.

पण टाक्यांनी पोट फक्त जागेवर बसतं. पाटकऱ्याला बरं करायचं काम टाके करत नाहीत. कॅल्शियम भरून काढणं, किटोन उतरवणं, आत संसर्ग असेल तर त्याचा इलाज, हे सोबत झालं नाही तर जागेवर बसलेलं पोटही सुस्तच राहतं आणि मग लोक म्हणतात, बघा, ऑपरेशन फुकट गेलं. किटोसिससाठी डॉक्टर तोंडाने प्रोपिलीन ग्लायकॉल देतील, साधारण ३०० मिली रोज, तीन ते पाच दिवस. पाजताना गाईचं तोंड आभाळाकडे करू नका. नाक डोळ्यांच्या पातळीच्या वर गेलं की औषध फुफ्फुसात उतरायची भीती असते, आणि औषध पाजताना न्यूमोनियाने गेलेल्या गाई मी पाहिल्या आहेत.

विक्रीबद्दल. व्यापारी अठ्ठावीस हजार का देतोय, याचा विचार केलात का? तो एक तर तिला सलाईनवर चार दिवस उभी करून कुणा दुसऱ्या ताईच्या दावणीला बांधेल, किंवा ती कुठे जाईल ते आपल्याला कळणारही नाही. आजार सांगून विकायचं तर तेवढेही मिळणार नाहीत. न सांगता विकायचं, तर पंच्याऐंशी हजारांना गाय घेताना तुमच्याशी कुणी तसं केलं असतं तर? हिशेबही मांडा. वेत संपायला अजून साधारण नऊ महिने आहेत. ऑपरेशननंतर ती पूर्वीच्या वीसवर न येता दिवसाला बारा लिटरवर थांबली, तरी महिन्याला ३६० लिटर होतात. तुमच्या डेअरीच्या दराने गुणा, निम्मे चाऱ्या-खुराकाचे वजा करा, आणि बारा हजार किती महिन्यांत फिटतात ते यजमानांसमोर कागदावर लिहून दाखवा. प्रतिजैविकं चालू असतील तेवढे दिवस आणि डॉक्टर सांगतील तेवढे पुढचे दिवस तिचं दूध डेअरीला घालायचं नाही, तेही हिशेबात धरा. उलट तपासणीत तार निघाली, किंवा यकृत पार गेलेलं दिसलं, तर मी तुम्हाला ऑपरेशनचा आग्रह करणार नाही. तेव्हा डॉक्टरांशी तिच्या वेदनेबद्दल बोला, पैशाचं नंतर बघू.

आणि तिची कालवड? पोट सरकण्यात आनुवंशिकतेचा वाटा असतो, हे खरं. म्हणून “आईचं झालं म्हणजे लेकीचं होणारच” असं नाही. कालवड ठेवा. पुढे तिला भरवताना फक्त याची आठवण ठेवा आणि तिच्या बाबतीत शेवटचे तीन आठवडे अधिक काटेकोर राहा.

सासूबाईंच्या मायेला काम देते म्हणाले होते. ऑपरेशननंतर रोज सकाळ-संध्याकाळ गाईच्या डाव्या भकाळीत त्यांनी मूठ दाबून उभं राहायचं. दोन मिनिटं. कोठीपोटाची लाट मूठ बाहेर ढकलते, ते त्यांना नीट कळेल. दोन मिनिटांत दोन-तीन वेळा मूठ ढकलली गेली तर वरचं आवर्तन चालू आहे. एकदाच किंवा नाहीच, तर डॉक्टरांना फोन. त्याचबरोबर रवंथीचा एक घास ती किती वेळा चावते ते मोजायचं. चाळीस ते साठ वेळा चावली तर उत्तम. हे यंत्राने होत नाही, जुन्या हाताला आणि डोळ्यालाच जमतं. सासूबाईंना ते माझ्यापेक्षा चांगलं जमेल, याची मला खात्री आहे. कोठीपोट भरलेलं असणं हाच चौथ्या पोटाला जागेवर ठेवणारा भक्कम टेकू, म्हणून पहिले आठ-दहा दिवस चांगला कडबा, वाळलेलं गवत तिच्यापुढे कायम असू द्या, खुराक दर दोन-तीन दिवसांनी थोडाथोडा वाढवा. तुमची कुट्टी फार बारीक होत असेल तर पाती बदला. इंच-दीड इंच लांबीचा तुकडा हवा. लांब, खरखरीत वैरण कोठीपोटाच्या भिंतीला घासते, तो स्पर्श नसेवाटे वर जातो आणि वरून रवंथीचा हुकूम येतो. भुगा घासत नाही.

हे वाचणाऱ्या इतरांनी गोठ्यात बांधकाम, कुंपण असं काही काढलं असेल तर तारांचे तुकडे वेचून काढा. डॉक्टरांकडून गाईला एक लोहचुंबक पाजून घ्या. तो आयुष्यभर जाळीपोटात पडून राहतो आणि गिळलेली तार स्वतःकडे धरून ठेवतो.

तुम्ही लिहिलंय की दुसरी गाय पुढच्या महिन्यात व्यायची आहे. ती सध्या लसूणघासावर आणि उसाच्या वाढ्यांवर आहे. वाढ्यांतल्या ऑक्झलेटने कॅल्शियम बांधलं जातं, म्हणून ती तिच्या पोटातली मुख्य वैरण होऊ देऊ नका. ज्वारीचा कडबा, थोडा मुरघास, रोज एक-दोन किलोने सुरू करून हळूहळू वाढवलेला खुराक, डॉक्टर सांगतील ते व्यायच्या आधीचं क्षार मिश्रण. कॅल्शियमची बाटली कोनाड्यातच ठेवा, ती व्यायल्या दिवसापासून कामाला येईल. भिंतीवर खडूने दोन तारखा लिहा: व्यायची, आणि तिच्या तीन आठवडे आधीची. या दुसऱ्या तारखेला लसूणघास बंद.